आवाज पोचेल इतक्या अंतरावर

जबलपुरातल्या गोरखपूर बाजारात हिरव्या वाटाण्याची पोती उतरू लागली की मला धास्ती वाटू लागते. इथल्या बाकी माणसांना त्या शेंगांचा वास आला म्हणजे थंडी आली असं वाटतं. जवळच्या पाटन, मझौलीकडून भरलेल्या गाड्या येतात, शेंगांचे ढीग रस्त्यावर सांडतात, भाव विचारता विचारता बायका एक शेंग दातांनी सोलून बघतात. मलाही ती शेंग गोड लागते, नाही असं नाही. पण वाटाण्याच्या मागोमाग देवउठनीचे, म्हणजे कार्तिकी एकादशीचे, ऊस येऊन दुकानांच्या भिंतींना टेकतात, आणि ऊस दिसले की लग्नं आलीच. पाच वर्षं झाली, मी लग्नांचे फोटो काढते. माझं पोट या सराईवर आहे. तरी दर वर्षी तिची चाहूल लागली की उद्या परीक्षा आहे आणि आपण पुस्तकच उघडलेलं नाही, असं काहीतरी होतं. नववीनंतर माझी शाळा सुटली. सोडली म्हणण्याइतकी ती माझ्या हातात नव्हती. पण परीक्षेची भीती शाळेबरोबर सुटत नाही, हे मला इथे, माझ्या मेहकरपासून इतक्या लांब आल्यावर कळलं.

यंदा ती भीती जास्त आहे. या सराईतलं माझं पहिलं लग्न स्टुडिओवाल्या सुखदेवकाकांच्या मुलीचं, प्रज्ञाचं. काकांनीच मला कॅमेरा धरायला शिकवलं. आणि काकांना मी एक गोष्ट चार वर्षं सांगितली नव्हती.

मी राहते त्या मावशीच्या स्वयंपाकघरात, फ्रिजच्या दारावर, दोन कागद चिकटवून ठेवले होते. दोन कॅमेऱ्यांची माहिती, नेटवरून छापून आणलेली. इतकी वर्षं मी काकांच्या नाहीतर भाड्याच्या कॅमेऱ्यावर काम केलं. यंदा स्वतःचा घ्यायचा ठरवला. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला, पहिल्या पायरीचा. पहिल्या पायरीचा म्हणजे कंपनीने मोठ्या कॅमेऱ्यातून काहीतरी काढून घेतलेला. काय काढलं ते कोणी ठळक अक्षरांत लिहीत नाही. जे ठेवलं ते मोठ्या अक्षरांत असतं, काढलेलं आपणच शोधायचं. मी इंग्रजीच्या ओळीवर बोट ठेवून शोधते. एकात हात हलला तरी चित्र सावरून घेणारी सोय आहे, अंधारात तो चांगला बघतो, व्हिडिओ तर विचारूच नका. पण डोळ्याला लावायची खिडकी नाही, आणि आतला शटरचा पडदाच काढून टाकलाय. सगळं काम विजेवर, आवाज शून्य. दुसऱ्याला खिडकी आहे, बारीकशी. खराखुरा पडदा आहे, खटका आहे. पण हात सावरणारं काही नाही, बॅटरी दुपारपर्यंत मान टाकते, अंगावर पाण्याचे चार थेंब पडले तर देव जाणे. फोटो साठवायचं कार्ड दोघांतही एकच बसतं. म्हणजे ते एक बिघडलं तर लग्न गेलं.

मावशी भाजी फोडणीला टाकता टाकता कागदांकडे बघायची. एक दिवस म्हणाली, ‘‘एकाले डोळा नाही, दुसऱ्याचे हातपाय लटपटतात. कॅमेरा पाहून राहिली का स्थळं?’’

मी हसले, पण रात्री भाकरी खाताना तेच डोक्यात घोळत राहिलं. तिने गंमत केली, आणि नेमकं तेच आहे. सगळं असलेलं आपल्या वाट्याला येणार नाही हे ठरलेलं. काय नसलं तर चालेल, एवढंच आपल्याला विचारलंय. आणि हे उत्तर देताना आपण कॅमेऱ्याबद्दल कमी, स्वतःबद्दल जास्त सांगत असतो.

माझा हात थरथरतो. हे मी कुठल्या गिऱ्हाइकाला सांगत नाही. समोर गर्दी असली, कोणी ‘‘दीदी, जल्दी’’ म्हटलं, की बोटांतून वारं जातं. त्यामुळे दुकानात गेले तेव्हा पहिला, मुका कॅमेरा हातात घेताच मला रडू येईल असं वाटलं. मी मुद्दाम हात हलवला तरी समोरच्या कॅलेंडरवरची अक्षरं जागेवर बसलेली. दुकानदार भला माणूस. त्याने मला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि म्हणाला, ‘‘दीदी, आजकल आवाज कौन चाहता है? अब सब साइलेंट है.’’ मी बटण दाबलं. काहीच झालं नाही. फोटो निघाला होता. पुन्हा दाबलं, पुन्हा काही नाही. चहाचा कप तसाच ठेवून मी विचार करून येते म्हणाले आणि बाहेर पडले. बाहेर ऊन होतं, ऊसवाला पानं छाटत होता, प्रत्येक घावाला खट् असा आवाज येत होता.

मला काकांकडची माझी दुसरी सराई आठवली.

मी जबलपूरला आले ती मावशीकडे, काहीतरी काम मिळेल म्हणून. सुखदेवकाकांचा फोटो स्टुडिओ आमच्या गल्लीच्या तोंडाशी. काका मूळ भंडाऱ्याकडचे, पण जन्म इथलाच. बाहेर हिंदी, घरात मराठी, आणि रागावले की दोन्हीची खिचडी. त्यांना एक बाई हवी होती. नवरी तयार होते त्या खोलीत पुरुष फोटोग्राफरला जाऊ देत नाहीत, आणि लोकांना आता नेमके तिथले फोटो हवे असतात: मेंदीचे हात, आरशातला चेहरा, आईने डोक्यावरून फिरवलेली बोटं. काकांनी मला विचारलं, कॅमेरा येतो का? मी म्हटलं, नाही. शिकशील? हो. किती शिकलीस, हे त्यांनी विचारलं नाही. पहिल्या दिवसापासून आजपर्यंत विचारलेलं नाही. या एका न विचारलेल्या प्रश्नासाठी मी त्यांची जन्मभर ऋणी आहे.

थरथरणारा हात त्यांनी पहिल्याच आठवड्यात पकडला. ‘‘तू श्वास धरून राहिली,’’ म्हणाले, ‘‘म्हणून हलतो. सोड श्वास. सगळा सोड. मग दाब.’’ खांब दिसला तर खांबाला टेकायचं, भिंत दिसली तर भिंतीला. काहीच नसलं तर आपल्याच कोपरांना बरगड्यांवर टेकवायचं. त्यांचा जुना कॅमेरा विटेसारखा जड, आणि त्याचा आवाज दणदणीत. बटण दाबलं की आत आरसा वर उडायचा, पडदा सरकायचा, आरसा खाली पडायचा. लोक त्या आवाजाची वाट बघत उभे राहायचे. खटका झाला की खांदे खाली यायचे, आत ओढलेलं पोट सुटायचं, कोणीतरी हसायचं. माझे सगळ्यात चांगले फोटो त्या खटक्यानंतरच्या क्षणातले आहेत.

पण मला त्या आवाजाची लाज वाटायची. एका सकाळी बुद्धविहारात लग्न होतं. पांढरे कपडे, पांढरी फुलं, मेणबत्त्यांची ज्योत हलू नये म्हणून पंखे बंद केलेले. सगळे हात जोडून त्रिसरण म्हणत होते, आणि मधल्या शांततेत माझा कॅमेरा दारावर थाप मारल्यासारखा वाजला. पुढच्या ओळीतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी वळून बघितलं. रागाने नाही. नुसतं, कोण आहे ते. माझे कान तापले. परक्या गावात, परक्या घरांच्या सर्वांत आतल्या खोल्यांत मी जात होते. आपण तिथे आहोत हे कोणाच्या लक्षात येऊ नये एवढीच माझी धडपड होती.

त्यामुळे पुढच्या दिवाळीनंतर काकांनी नवा मिररलेस आणला तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. सगळ्यांत साधा, पहिल्या पायरीचाच, पण काकांना त्याचं भारी कौतुक. आणला त्या दिवशी खोव्याची जिलबी वाटली आणि पहिला फोटो प्रज्ञाचा काढला, ती जिलबी खाताना. मला म्हणाले, ‘‘आता याच्यावर तूच हात बसव. माझे डोळे जुने झाले.’’ मी आठवडाभर मेनू उलटापालटा केला. त्यात एक खूण सापडली, आवाज बंद करायची. ती दाबली की कॅमेरा गप्प. त्या खुणेखाली बारीक अक्षरांत दोन ओळी यायच्या, इंग्रजीत. मी दोन ओळींवरून बोट फिरवलं आणि पुढे गेले. फक्त दोन ओळी होत्या. कोणाला विचारल्या असत्या तर प्रज्ञाने मिनिटात वाचून दाखवल्या असत्या. पण विचारायचं म्हणजे वाचता आलं नाही हे सांगायचं.

त्याच महिन्यात एका मराठी घरचं लग्न होतं. नवरीचे वडील कारखान्यात नोकरीला, अमरावतीकडचे, फार हळू बोलणारे. दुपारचं लग्न, छोटा हॉल, छताला नव्या एलईडी पट्ट्या. मागच्या अंगणात बायका टोपलीभर वाटाणे सोलत बसल्या होत्या, त्यांचा हिरवा वास हॉलभर. मी आवाज बंद केला. मग मी जी फिरले, तशी त्याआधी कधी फिरले नव्हते. अंतरपाटाच्या अगदी कडेला उभी राहिले. मंगलाष्टकं चालू असताना नवरीच्या तोंडापासून दोन हातांवर होते आणि तिला पत्ता नव्हता. तिच्या खालच्या ओठाची हालचाल, वडिलांच्या मुठीत चुरगळलेल्या अक्षता, अंतरपाट खाली आला तेव्हाची नजर. कोणीही वळून बघितलं नाही. त्या दिवशी माझा हातसुद्धा थरथरला नाही. हे लिहिताना जास्त त्रास होतो तो याचा. मी आनंदात होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटरवर फोटो उघडले. अंतरपाटापासून हारांपर्यंत, एकूण एक फोटोवर आडवे काळपट पट्टे. कोणीतरी चटईच्या आडून बघावं तसे. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर ते मला सावलीसारखे वाटले होते. पुढे समजलं: एलईडीचा उजेड आपल्याला सलग दिसतो पण तो फडफडत असतो, आणि गप्प कॅमेरा चित्र एकदम न घेता वरून खाली ओळीओळीने घेतो. त्यात ती फडफड पकडली जाते. त्या दोन ओळींत हेच लिहिलं होतं.

नवरीचे वडील आले तेव्हा मी स्टुडिओतच होते, लॅमिनेशनच्या मशीनजवळ. त्यांनी फोटो बघितले, परत बघितले. मग काकांना विचारलं, ‘‘माझ्या पोरीच्या तोंडावर हे काय आहे, दादा?’’

काकांनी माझ्याकडे बघितलंही नाही. ‘‘मशीन खराब निघाली,’’ म्हणाले. ‘‘पण आणली मी. चूक माझी.’’

तेव्हा बोलायला हवं होतं. मी गरम कागद दोन बोटांत धरून उभी राहिले, बोटं भाजली तरी. काकांनी त्या घरचा एक पैसा घेतला नाही. ते गृहस्थ गेल्यावर मला म्हणाले, तुझी काय चूक बेटा, जेवून घे. मला ओरडले असते तर कदाचित सांगून मोकळी झाले असते. चांगुलपणापुढे खोटं बोलणं किती सोपं जातं, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. नुसतं गप्प राहिलं की झालं.

काकांनी तो कॅमेरा पाटनच्या एका माणसाला विकून टाकला. मिररलेसवर माझा भरोसा नाही, म्हणत ते जुन्या विटेकडे परत गेले. लोक मात्र पुढे चालले होते. त्यांना संथ व्हिडिओ हवा होता, ड्रोन हवा होता, मोबाईलवर त्याच दिवशी फोटो हवे होते. एकेक घर सुटत गेलं. काकांनी मला स्वतःहून बाहेर पाठवलं, इथे तुझा टाइम खराब होऊन राहिला म्हणाले, चार ओळखी करून दिल्या. आज त्या ओळखींवरच माझी सराई चालते. आणि काका स्टुडिओत पासपोर्ट फोटो काढतात आणि आधार कार्डांवर प्लास्टिक चढवतात. त्यांची दुकानदारी फक्त त्या एका दुपारने बसली असं मी म्हणत नाही. पण त्यांनी नव्या यंत्रावरचा विश्वास टाकला तो माझ्यामुळे, आणि त्यांना वाटतं यंत्रामुळे.

हे सगळं घेऊन मी गेल्या आठवड्यात स्टुडिओत गेले. निमित्त प्रज्ञाच्या लग्नाचं. प्रज्ञा काउंटरवर पत्रिकांवर नावं घालत होती. तिला मराठी समजतं सगळं, बोलताना ती हिंदीत घसरते. ‘‘दीदी, मेरे फोटो में डबल चिन नहीं आनी चाहिए,’’ म्हणाली, ‘‘वरना मी मंडपातून निघून जाईन.’’ काका म्हणाले, निघून जा, हॉलचा खर्च वाचेल. आमच्या बौद्धांत मुहूर्त नसतो, म्हणाले, पण हॉलवाल्याचा असतो ना, त्याला काय सांगू. ते दोघं हसत होते आणि माझ्या पिशवीत ते दोन कागद होते.

प्रज्ञा आत गेली तेव्हा मी कागद काढले, काउंटरवर ठेवले, कोणता घेऊ असं विचारायला तोंड उघडलं, आणि वेगळंच बाहेर पडलं. आवाज मी बंद केला होता, असं म्हणाले. त्या लग्नात. मशीन चांगली होती. खाली लिहिलेलं होतं, मी वाचलं नाही. मला वाचता आलं नाही.

काका एका आधार कार्डाच्या कडा कापत राहिले. कात्रीने कोपरे गोल केले, चारही.

‘‘मग चार वर्षं काहून गप्प राहिली?’’

भीती होती, असं मी म्हणाले. कशाची, ते त्यांनी विचारलं नाही. मग म्हणाले, ‘‘म्हणजे तो कॅमेरा चांगला होता.’’ हे मला नव्हतं, स्वतःशीच. ‘‘त्या पाटनवाल्यानं आता दोन दुकानं काढली.’’ मी मान खाली घातली. ते हसले की त्यांना ठसका लागला, मला खरंच कळलं नाही. माफ केलं असं काही ते म्हणाले नाहीत. मला तशी आशाही नव्हती. कार्ड बाजूला ठेवून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि माझे कागद डोळ्यांजवळ नेऊन, ओळीवर बोट ठेवून वाचले. अगदी माझ्यासारखे.

हा कोणता, त्यांनी मुक्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून विचारलं. मी सांगितलं: हात सावरतो, अंधारात बघतो, आवाज नाही. यात आवाज येतच नाही? येतच नाही, पडदाच नाही काका. सगळीकडे आता हेच येणार म्हणतात.

काकांनी कागद माझ्याकडे सरकवला. ‘‘मी त्या दिवशी पाहुण्यांकडे तोंड करून उभा राहीन, बेटा, तू माझ्या मागं प्रज्ञापाशी. सगळ्या जिंदगीत पहिल्यांदा कॅमेऱ्याच्या पुढं. मागं वळून तर नाही पाहता येणार मला. तू कुठं आहेस, ते कसं समजेल?’’

मी बोलका कॅमेरा घेतला. दुकानदाराने दोनदा विचारलं, पक्का? घरी येऊन मावशीला दाखवला, तिने हळदकुंकू लावलं आणि म्हणाली, चला, हातपाय लटपटणारा पसंत पडला. शहाणपणाचा सौदा केला असं मला वाटत नाही. जी सोय मला सगळ्यांत जास्त हवी होती तीच मी सोडली. कार्डाची धास्ती आहेच. प्रत्येक विधीनंतर कार्ड बदलायचं, असं ठरवलंय. बॅटऱ्या तीन घेतल्यात. खिडकीला डोळा लावला की निदान माझा चेहरा झाकला जातो, एवढं समाधान. पण हात माझा आहे, तो आता मलाच सावरायचा आहे, खांब शोधायचा, भिंत शोधायची, श्वास सोडायचा. प्रज्ञाच्या हॉलमध्ये मी जाऊन आले. मध्यभागी एकही खांब नाही.

आणि आणखी एक गोष्ट दुकानात लक्षात आली नव्हती. मिररलेसमध्ये आरसाच नसतो, त्यामुळे याचा खटका जुन्या विटेसारखा नाही. बारीक आहे. नखाने नख उडवावं एवढा. शे-दोनशे माणसांत तो कोणाला ऐकू जाणार?

काल दुपारी कॅमेरा घेऊन काकांच्या घरी गेले. मागच्या अंगणात पेरूचं झाड आहे, त्याच्या पलीकडे नळ, मग फाटक. काकांनी यंत्र हातात घेतलं, उलटसुलट केलं, हलकं आहे म्हणाले, परत दिलं. मग अंगणाच्या टोकाशी, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, दोन्ही हात मागे बांधून, लग्नात उभे राहतील तसे. मी दाबते, तुम्हाला ऐकू आलं की बोट वर करा, असं ठरलं.

मी चार पावलांवरून दाबलं. पाठीमागच्या हातांतलं एक बोट वर झालं. पेरूपाशी गेले, दाबलं. बोट वर. शेजारी कुकरची शिट्टी झाली, ती संपेपर्यंत थांबले. नळापाशी दाबलं. जरा वेळ लागला, पण बोट वर झालं. फाटकाशी जाऊन दाबलं. बोटं तशीच. पुन्हा दाबलं. काका उभे, पांढरा सदरा, मानेवर ऊन, वाट बघत असलेली पाठ. प्रज्ञा दारात येऊन उभी राहिली होती.

मी फाटकापासून एक पाऊल पुढे आले, दाबलं. आणखी एक. तिसऱ्या पावलावर बोट वर झालं.

‘‘बस,’’ काका न वळता म्हणाले. ‘‘याच्याहून दूर नको जाऊ.’’

कार्डावर आता काकांच्या पाठीचे आठ फोटो आहेत. सहा हललेत. मी चपलेच्या टोकाने तिथेच मातीत एक रेघ ओढली, आणि तिथून त्यांच्यापर्यंतची पावलं मोजत गेले.